अधीक्षकांचं जपानी भाषण

“बाबा, ते लोक आले की तुम्ही काही बोलायला जाऊ नका. नुसतं हसा.”

चिरंजीवांनी फोनवर एवढेच सांगितले आणि अधीक्षकांच्या कानशिलाची शीर तट्‌कन उभी राहिली. पाणीपुरवठा कचेरीत एकतीस वर्षे ज्यांच्या एका शेऱ्यावर गावचे नळ चालले आणि थांबले, त्यांनी होणाऱ्या व्याह्यांसमोर नुसते हसायचे!

“हसायला मी काय दंतमंजनाची जाहिरात आहे?” फोन ठेवून त्यांनी पत्नीला विचारले.

“तुमचे दात त्या कामाचे नाहीत,” अधीक्षकीणबाई म्हणाल्या. “पण तो म्हणतोय त्यात खोटं काय? त्यांना जपानीशिवाय येत नाही, तुम्हाला मराठीशिवाय येत नाही. बोलून करणार काय?”

अडचण खरी होती. चिरंजीव चार वर्षे जपानमधल्या एका प्रयोगशाळेत होते. तिथेच शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीशी त्यांनी लग्न ठरवले होते. मुलगी हौसेने बऱ्यापैकी मराठी शिकली होती. तिच्या आईवडिलांना मात्र मुलाचे घर पाहायचे होते, आणि पुढच्या रविवारी दुपारी चार वाजता ते दोघे, मुलगी व चिरंजीव अशी चौघे थेट विमानतळावरून येणार होती. मुलगा दुभाष्याचे काम करीलच. पण आपण बोललेले वाक्य मुलाच्या तोंडून पुढे जायचे, म्हणजे त्यातले त्याला पटेल तेवढेच जाणार, हे अधीक्षकांना अनुभवाने ठाऊक होते. मुलगा सहा वर्षांचा असताना त्याच्याकरवी शेजाऱ्यांना निरोप पाठवून त्यांनी ते ओळखले होते.

मार्ग काढला समोरच्या दारातल्या विमेवाल्यांनी. हे गृहस्थ कोणाच्याही घरी अडचण आली की वासावर येत.

“अहो, हल्ली संगणक बोलतो! जपानी मजकूर त्याच्यात घालायचा, बटण दाबायचं, की घडाघडा वाचतो. तोही बाईच्या गोड आवाजात.”

“पण जपानी मजकूर आणायचा कुठून?”

“तुम्ही मराठीत लिहा. भाषांतर कचेरीतून त्याचं जपानी करून घ्या. तो कागद संगणकाला द्या. झालं!”

लेखन, भाषांतर, वाचन. कामाला तीन टप्पे आहेत हे ऐकून अधीक्षकांच्या अंगात निवृत्तीनंतर प्रथमच जीव आला. एका टप्प्यात होणाऱ्या कामांविषयी त्यांना कधीच आदर नव्हता.

त्याच संध्याकाळी त्यांनी स्वागताच्या भाषणाचा मसुदा लिहायला घेतला. इथे त्यांची पद्धत सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा अनर्थ त्या पद्धतीने झाला. कचेरीत कागद मधोमध उभा दुमडतात. उजव्या अर्ध्यात मसुदा लिहायचा आणि डावा अर्धा रिकामा सोडायचा. मग कागद सर्व संबंधितांकडे फिरतो आणि प्रत्येक जण डाव्या बाजूला आपला शेरा लिहून खाली सही करतो. शेरे मोकळेपणाने लिहायचे असतात, कारण ते घरातले असतात. शेवटी फाईल टंकलेखकाकडे जाते आणि तो फक्त उजवी बाजू स्वच्छ करून देतो. हे त्याला सांगावे लागत नाही. पहिल्या आठवड्यात चार शिव्या खाऊन तो ते शिकलेला असतो.

“घरातल्या भाषणाला कसली फाईल?” अधीक्षकीणबाईंनी कपाळाला हात लावला.

“उद्या कोणी म्हटलं की मला विचारलं नव्हतं, तर?”

“कोण म्हणणार आहे?”

“तूच.”

बाईंनी पेन घेतले.

पहिले वाक्य होते, ‘आपल्या आगमनाने आमचे घर उजळून निघाले आहे.’ शेजारी शेरा पडला: ‘मुलाची आई. उजळून काय निघालंय? सोफ्यामागच्या भिंतीचे पोपडे तीन वर्षं दाखवते आहे. त्यांना सोफ्यावरच बसवावं, म्हणजे भिंत पाठीशी राहील.’ दुसरे वाक्य, ‘आपली कन्या रूपवती व गुणवती आहे.’ मुलाचा मामा मुद्दाम शेरा लिहायला रिक्षाने आला. तो स्वभावाने सावध. ‘मुलाचा मामा. रूपवती हा शब्द घाईचा होतो. सर्व फोटो डाव्या बाजूने काढलेले आहेत. उजवी बाजू समक्ष पाहून मगच लिहावे.’ तिसरे वाक्य विहीणबाईंच्या प्रसन्न मुद्रेविषयी होते. तिथे अधीक्षकीणबाईंचा हात पुन्हा सुटला: ‘फोटोत तर वीज तोडायला आल्यासारख्या दिसतात. जरा बेताने.’ चौथ्या वाक्यात मुलगा उद्योगी आणि नीटनेटका असल्याचे म्हटले होते. ‘मुलाची आई. ओला टॉवेल अजून पलंगावर टाकतो. लग्नानंतर तक्रार आली तर माझ्याकडे पाठवू नये.’

विमेवाले संबंधितांत मोडत नव्हते. पण कल्पना त्यांची होती, आणि ते फाईल घेऊनच बसले होते. त्यांनी त्याच्याच खाली लिहिले, ‘समोरचे शेजारी. व्याह्यांचे वय विचारून घ्यावे. पासष्टच्या आत असल्यास अजून पॉलिसी निघू शकते.’

पाचवे आणि शेवटचे वाक्य अधीक्षकांनी फार वेळ घेऊन लिहिले होते. त्यावर कोणीच शेरा मारला नाही. रात्रीच्या जेवणाआधी ते फाईल घेऊन गॅलरीत गेले, त्या वाक्याशेजारी त्यांनी स्वतःच दोन ओळी लिहिल्या, सही केली, तारीख घातली आणि फाईलची नाडी बांधली.

भाषांतर कचेरीत एक चष्मेवाली बाई होती. तिने फाईल उघडली, थोडे वाचले आणि चष्मा काढून पुसला.

“काका, हे सगळं भाषांतर करायचं?”

“म्हणजे? त्यातलं काय गाळायचं म्हणता?”

“नाही, तसं नाही. पण... अगदी सगळं?”

“बाई, एकतीस वर्षांत माझ्या फाईलीतला एक शब्द कोणी गाळलेला नाही. मोठमोठे अभियंते गाळू शकले नाहीत.”

“नाही, बरंच आहे की,” बाई हळूच म्हणाली. “इतका मोकळेपणा मी पाहिला नव्हता. आमच्याकडे लोक येतात ते नुसतं गोडगोड घेऊन.”

आपल्या गद्यशैलीला परक्या माणसाने दिलेली ही पहिलीच दाद. अधीक्षक घरी चालत न येता तरंगत आले.

गुरुवारी जपानी मजकूर हाती आला. विमेवाले, मामा आणि अधीक्षक तिघे मिळून संगणकाच्या दुकानात गेले. दुकानदार तरबेज होता. त्याने अक्षरांची ती दाट झाडी पडद्यावर आणली आणि समजावून सांगितले की या भाषेत एकच चिन्ह चार जागी चार तऱ्हांनी वाचतात. यंत्र आजूबाजूची अक्षरे पाहून ठरवते. माणसांची नावे असतील तेवढी मात्र उच्चार लिहून द्यावी लागतात.

“आणि काय महत्त्वाचं, काय नाही, ते कसं ठरवतं?” मामाने विचारले.

“ते नाही ठरवत. जे लिहिलंय ते सगळं सारख्याच प्रेमाने वाचतं.”

“आदर्श कर्मचारी,” अधीक्षक म्हणाले.

मग आवाज निवडण्यात दीड तास गेला. स्त्री एक, स्त्री दोन, पुरुष, वृद्ध पुरुष आणि बालक असे पाच आवाज होते. वृद्ध पुरुष अधीक्षकांना शोभेल असे दुकानदार म्हणाला, तेव्हा ते दुखावले. ‘पुरुष’ ऐकून मामाला कोणीतरी दम देतेय असे वाटले. शेवटी ‘स्त्री दोन’वर एकमत झाले. आवाज असा, की त्यात दवाखान्याचे बिल वाचले तरी माणसाला बरे वाटावे.

घरी सर्वांनी भाषण ऐकले. पाच वाक्यांचे भाषण पावणेसात मिनिटे चालले.

“एवढं मी लिहिलं होतं?” अधीक्षक चकित झाले.

“आदरार्थी भाषा आहे त्यांची,” विमेवाले म्हणाले. “नुसतं ‘या, बसा’ म्हणायला त्यांना अर्धं मिनिट लागतं.”

विमेवाल्यांना जपानीतले ओ की ठो कळत नव्हते. पण ते इतक्या खात्रीने बोलत, की त्यांच्याकडून पॉलिसी घेतलेले लोक सांगतात, आपण मेलोच आहोत असे वाटू लागते. सगळ्यांना पटले. पुढचे दोन दिवस अधीक्षकांनी आरशासमोर तालीम केली. आवाज चढतो तिथे उजवा हात पुढे करायचा, आणि मध्ये एका जागी तो फार हळुवार होतो तिथे हात छातीवर ठेवून मान किंचित झुकवायची.

रविवारी चारला एक मिनिट कमी असताना घंटी वाजली.

व्याही उंच, शिडशिडीत आणि अबोल होते. विहीणबाई फोटोतल्यासारख्याच होत्या. मुलगी हसतमुख होती आणि तिने अधीक्षकीणबाईंना “आई, बऱ्या आहात ना?” असे विचारून पहिल्याच फटक्यात जिंकले. पाहुण्यांना ठरल्याप्रमाणे सोफ्यावर बसवण्यात आले. विमेवाले योगायोगाने वाटीभर साखर मागायला आले आणि योगायोगाने खुर्चीवर बसले.

“बाबा, टेबलावर स्पीकर कशाला?” चिरंजीवांनी विचारले.

“तू नुसतं हस,” अधीक्षक म्हणाले आणि त्यांनी बटण दाबले. हा सूड त्यांनी दहा दिवस जपून ठेवला होता.

‘स्त्री दोन’ बोलू लागली. पहिल्याच वाक्याला व्याही-विहीण चमकून पाहू लागली. आपल्या भाषेत आपले स्वागत! विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखे झाले. चिरंजीवांनी वडिलांकडे अशा काही कौतुकाने पाहिले, की अधीक्षकांनी त्या क्षणापुरते त्यांचे सगळे अपराध माफ केले.

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. सोफ्यावर बसलेली तिन्ही माणसे एकदम मागे वळली आणि भिंतीकडे पाहू लागली.

“घर न्याहाळतायत,” मामा कुजबुजला.

“मेली भिंतच कशाला न्याहाळतात?” अधीक्षकीणबाई पुटपुटल्या.

‘स्त्री दोन’ मधाळपणे पुढे गेली. आता पाहुण्यांनी माना वळवल्या त्या मुलीकडे, आणि त्याही तिच्या उजव्या बाजूकडे. मुलीने उजव्या गालावर हात ठेवला. चिरंजीव उभे राहिले. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता.

“बाबा, बंद करा ते!”

“खाली बस! मोठ्या माणसांचं बोलणं चाललंय.”

“बाबा, तुम्हाला कळत नाहीये ते काय बोलतंय!”

“मला कळत नाही? मी लिहिलंय ते!”

चिरंजीव स्पीकरकडे झेपावले, पण व्याह्यांनी हात वर केला. एकही शब्द न बोलता वर केलेला तो हात असा होता, की चिरंजीव जागच्या जागी बसले. भाषण चालू राहिले. ती हळुवार जागा आली. अधीक्षकांनी हात छातीवर ठेवला, मान झुकवली आणि विहीणबाईंकडे पाहून डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा विहीणबाई ताठ बसून दोन्ही गाल वर ओढायचा निकराचा प्रयत्न करत होत्या.

“बघा, हसल्या! मनाने मायाळू असणार,” अधीक्षकीणबाई म्हणाल्या.

पुढे एका जागी मुलगी जोरजोरात मान डोलावू लागली आणि आईला काहीतरी सांगू लागली. पुढे व्याह्यांनी विमेवाल्यांकडे टक लावून पाहिले. विमेवाल्यांनी खिशातून कार्ड काढून पुढे केले. मग शेवटचा भाग आला. चिरंजीव वडिलांकडे पाहत होते. मुलगी पाहत होती. व्याही तर असे पाहत होते, की अधीक्षकांनी नकळत शर्टाची बटणे चाचपली.

‘स्त्री दोन’ने गोड आवाजात सही आणि तारीख वाचली आणि ती गप्प झाली.

“टाळ्या नाहीत?” मामा म्हणाला.

“मामा,” चिरंजीवांचा आवाज फाटला होता, “फोटो डाव्या बाजूने काढलेत, हे तू लिहिलंस?”

यानंतरचे अर्धे मिनिट अधीक्षकांना पुढे कधीही नीट आठवले नाही. मामा “पाणी बघतो” म्हणून स्वयंपाकघरात गेला आणि मागच्या दाराची कडी वाजलेली सर्वांनी ऐकली. विमेवाले आपल्या दारात कसे पोचले हे कोणीच पाहिले नाही, साखरेची वाटी मात्र खुर्चीवर राहिली होती. अधीक्षकीणबाई स्टुलावर बसल्या आणि “वीज... वीजही सांगितली?” एवढेच विचारत राहिल्या.

“सगळं सांगितलं, आई. पोपडे, वीज, टॉवेल. नावानिशी.”

अधीक्षकांना एकच गोष्ट कळली. शेरे बाहेर गेले! एकतीस वर्षांत एक शेरा कचेरीच्या उंबऱ्याबाहेर गेला नव्हता, आणि आता ते जपानीत गेले. लग्न मोडले, हे उघड होते. लग्नाला घरच्या कोणी विरोधसुद्धा केला नव्हता. त्यांच्या फाईलीने ते परस्पर मोडले होते.

व्याही काहीतरी बोलले. मुलगी म्हणाली, “बाबा म्हणतात, शेवटचा भाग परत लावा.”

“परत?”

“फक्त शेवटचा.”

अधीक्षकांनी तो लावला. ‘स्त्री दोन’ने तो पहिल्याइतक्याच प्रेमाने वाचला.

“त्यात काय आहे ते बाबांनाच आठवत नसेल,” चिरंजीव म्हणाले. आता त्यांचा आवाज निराळा होता. “बाबा, तुम्ही लिहिलंय, ‘मुलगा आता तिकडे आपल्याजवळच राहील, याचा आम्हाला आनंदच आहे.’ आणि खाली शेरा, ‘मुलाचे वडील. आनंद नाही. रोज संध्याकाळी त्याच्या खोलीतला दिवा लावून येतो. पण दुसरे काय लिहिणार? वाक्य कायम ठेवावे.’”

अधीक्षकीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. “तो दिवा तुम्ही लावता? मला वाटायचं, बटण बिघडलंय.”

अधीक्षक खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर पाहण्यासारखे काहीही नव्हते.

मग व्याही बोलू लागले. आल्यापासून ते एवढे बोलले नव्हते. मुलगी भाषांतर करत होती आणि बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला.

“बाबा विचारतात... तो जपानमध्ये राहणार, हे तुम्हाला कोणी सांगितलं? कारण बाबांना वाटत होतं, मी इथे येणार. ते म्हणतात, पाच महिने झाले, सवय व्हावी म्हणून ते माझ्या खोलीत मुद्दाम जात नाहीत. तुम्हाला सांगायला त्यांनीही ‘आनंद आहे’ असंच पाठ करून आणलंय. पण... तेही खरं नाही म्हणतात.”

दोन्ही बाप एकमेकांकडे पाहू लागले. भाषेची अडचण अशी राहिली नाही. मग दोघांच्या माना, एकाच सरकारी आदेशाने वळाव्यात तशा, मुलांकडे वळल्या.

चिरंजीव घसा खाकरू लागले. मुलगी टीपॉयवरचे बिस्किट कुरतडू लागली.

“म्हणजे तू तिकडे राहणार नाहीस?” अधीक्षकांनी विचारले.

“नाही, बाबा.”

“मग तुम्ही इकडे येणार?”

“नाही... बाबा,” मुलगी म्हणाली.

“आम्हाला दोघांना एकाच ठिकाणी नोकरी मिळालीये,” चिरंजीव भरभर बोलले. “तिसऱ्याच देशात. सांगणारच होतो. आधी सगळं नीट जमू दे म्हटलं. तुम्ही इकडे एक समजून बसला होतात, ते तिकडे दुसरंच समजून बसले होते, मग म्हटलं उगाच कशाला...”

“किती लांब?”

“विमानाने चौदा तास.”

“इथून की तिथून?”

“दोन्हीकडून साधारण सारखंच.”

अधीक्षकीणबाईंनी अशा आवाजात “अगंबाई” म्हटले, की विहीणबाईंनाही ते कळले. त्यांनी उठून अधीक्षकीणबाईंचा हात धरला. त्यांचा चेहरा आता खरोखर वीज तोडायला आल्यासारखा दिसत होता, पण मुलांची.

व्याही उठले. ते अधीक्षकांच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दाराकडे बोट दाखवले. अधीक्षकांनीही तिकडेच बोट दाखवले.

“उमेदवारांनी बाहेर थांबावं,” ते म्हणाले.

“बाबा, पण तुम्ही एकमेकांशी बोलणार कसे? आमच्याशिवाय?”

“बाहेर!”

होणारे नवरा-बायको जिन्यात जाऊन बसले. आतून आवाज येऊ लागले. एक बाप मराठीत तावातावाने बोलत होता, दुसरा जपानीत, आणि कोणीही कोणाच्या मध्ये बोलत नव्हते. टेबलावर मूठ आपटल्याचा आवाज आला, मग दुसरी मूठ. मध्येच दोन्ही आयांचे हसणे ऐकू आले, तेव्हा मुलगी खरी घाबरली.

“चांगलं आहे का वाईट?” तिने विचारले.

“काही सांगता येत नाही,” चिरंजीव म्हणाले. “ते भांडले असते तर बरं झालं असतं.”

चाळीस मिनिटांनी दार उघडले. दोघे आत गेले. टेबलावर एक मोठा कागद पसरला होता आणि त्यावर पट्टीने आखलेले बारा चौकोन होते. व्याह्यांनी पेन्सिल कानावर खोचली होती. हे गृहस्थ आयुष्यभर बसगाड्यांची वेळापत्रके आखत होते, ही माहिती अधीक्षकांनी त्यांच्याकडून खाणाखुणांनी मिळवली होती आणि ते अत्यंत प्रभावित झाले होते.

“हे काय आहे?” चिरंजीवांनी हळूच विचारले.

“तुमचं नवं घर,” अधीक्षक म्हणाले. “जानेवारी ते मार्च आम्ही दोघं. एप्रिल ते जून हे दोघं. जुलै ते सप्टेंबर पुन्हा आम्ही. पुढचे तीन महिने पुन्हा हे. बदलीच्या वेळी आठ दिवस चौघंही, म्हणजे कार्यभार नीट सोपवता येईल.”

चिरंजीवांनी कागद हातात घेतला. मग तो मुलीच्या हातात दिला. ती बराच वेळ एकेका चौकोनावरून बोट फिरवत होती. एकही चौकोन रिकामा नव्हता.

“बाबा,” तिने शेवटी विचारले, “यात आम्ही दोघं कुठे आहोत?”

अधीक्षकांनी प्रेमाने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“तुम्ही बाराही महिने आहातच की.”